पोचले की एक रिंग

आमच्या भागात मोठं माणूस रस्त्यानं पळताना दिसलं की लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर एसटी चुकत असणार, नाही तर कुणीतरी गेलेलं असणार. तिसरी शक्यता अलीकडे आली आहे, ती म्हणजे पोलीस भरती. पण भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी विशीतली असतात, आणि माझ्या केसांत पांढरं दिसायला लागून बराच काळ झाला. त्यामुळे अहमदपूरच्या बाहेर माळाच्या रस्त्याला लागले की मोटारसायकली थांबतात. "बसा मॅडम, सोडतो." मी नको म्हणते. "आवो बसा की, तिकडंच चाललाव." मी पुन्हा नको म्हणते. मग मागं बसलेला गडी पुढच्याला सांगतो, "चल, डोस्क्यावर परिणाम झालाय." हे ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची आमच्याकडे पद्धत आहे. मी ऐकते आणि पुढे जाते.

पळायला मी शुगरमुळे लागले. नांदेडच्या डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं होतं, पण चालताना मला विचार येतात, आणि विचार येऊ नयेत म्हणून तर मी घराबाहेर पडत होते. पळताना दम लागतो, आणि दम लागला की विचार टिकत नाही. सुरुवातीला नांदेडला गोदावरीच्या घाटाच्या बाजूनं पळायचे. तिथं सकाळी गुरुद्वाऱ्याकडे निघालेले यात्रेकरू असतात, हवा खायला आलेले रेल्वेतले निवृत्त लोक असतात, पळणाऱ्या बाईकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग संस्थेनं माझी बदली अहमदपूरच्या शाळेत केली. मी विज्ञान शिकवते. लग्न केलेलं नाही. का केलं नाही हे ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून झालेलं आहे, बाकीच्यांनी विचारू नये. आई नांदेडच्या घरीच राहिली, भाऊ पुण्यात होता, आणि मी अहमदपूरला एक खोली घेतली.

अहमदपूरच्या आजूबाजूला बालाघाटाचे डोंगर आहेत. भाऊ त्यांना टेकड्या म्हणतो, कारण तो पुण्यात राहतो. त्यानं एकदा खालून वरपर्यंत पळून दाखवावं आणि मग म्हणावं. माझी रोजची वाट अशी: खोलीपासून डांबरी रस्त्यानं फाट्यापर्यंत. फाट्यावर एसटीचा थांबा आहे, म्हणजे एक लिंबाचं झाड आणि बसायला दगड. तिथून डावीकडे बैलगाडीची वाट निघते, ती एका वस्तीला वळसा घालून माळावर चढते. तरवड, बोरी, आणि मग सगळीकडे सीताफळीची झुडपं. वर गेलं की एक ढासळलेला बुरूज लागतो. तो कुणाच्या काळातला आहे असं विचारलं तर लोक "लई जुना हाय" म्हणतात, आणि त्याहून जास्त मलाही सांगता येत नाही.

बुरुजाच्या मागे एक वीरगळ उभा आहे. खालच्या चौकटीत एक माणूस ढाल-तलवार घेऊन लढतो आहे, त्याच्या पायाशी गुरं आहेत. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या बायका आहेत, सगळ्यांत वर तो हात जोडून बसला आहे. कुणाची तरी गुरं वाचवताना तो मेला असणार. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, लोकांनी शेंदूर फासून त्याचा देव करून टाकला आहे. घाम पुसायला मी तिथं थांबायचे तेव्हा मला नेहमी एकच वाटायचं: हा परत आला नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. कुणीतरी शोधायला निघालं होतं. त्याशिवाय दगड उभा राहत नाही.

पुढे उतारावर बारव आहे, अर्धी गाळानं भरलेली. आणि बारवेच्या पलीकडे खडकात कोरायला घेऊन मध्येच सोडून दिलेलं एक लेणं. वस्तीवरचे लोक म्हणतात, पांडवांनी ते एका रात्रीत कोरायला घेतलं आणि उजाडलं म्हणून अर्धं राहिलं. आईला मी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला तेव्हा ती लगेच म्हणाली, "भिक्खूंचं असणार. पावसाळ्यात राहायला." विज्ञानाची असल्यामुळे मला पुराव्याशिवाय काही पटत नाही, पण पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून विहारात जाणाऱ्या आईशी वाद घालायची माझी कधी छाती झाली नाही. मी म्हटलं, असेल. लेण्यात जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा आहे. उन्हाळ्यातही आत गार असतं.

रविवारी कधी कधी पहिल्या एसटीनं कंधारला जायचे. तिथं राष्ट्रकूटांच्या काळातला मोठा तलाव आहे, त्याच्या बांधावरून पळायचं आणि मग किल्ल्याकडे यायचं. खंदकात पाणी असतं, भिंती उंच आहेत, दरवाजे हत्ती जातील एवढे. सकाळी आत बहुतेक कुणी नसतं. एवढ्या मोठ्या दारातून एकटं आत जाताना माणूस उगाचच खाकरतो, कुणाला तरी कळावं म्हणून. मीही खाकरायचे. आतून पारवे उडायचे, मग पुन्हा शांत. परत येताना एसटीत कंडक्टर विचारायचा, "मॅडम, कंधारला कुणाकडं आला होता?" मी किल्ल्याकडे म्हणायचे. त्यावर त्याला पुढे काही विचारता यायचं नाही.

या सगळ्यासाठी आईचा नियम एकच होता. पोचले की एक रिंग.

ही पद्धत मोबाइलवर बोलायला पैसे पडायचे त्या काळातली. पोचल्यावर फोन लावायचा, एकदा वाजू द्यायचा आणि कापायचा. पलीकडच्यानं उचलायचा नाही. पुढे बोलणं जवळजवळ फुकट झालं, लोक तासन्‌तास बोलायला लागले, तरी आमचं तेच चालू राहिलं. सकाळी पळून आले की कुलूप काढायच्या आधी मी नांदेडला रिंग द्यायचे. ती उचलायची नाही. कुठं गेले होते, किती पळाले, तिनं कधी विचारलं नाही. ती गेल्यावर शेजारच्या काकूंनी मला सांगितलं की सकाळी मोबाइल ओट्यावर ठेवून ती चहा टाकायची, आणि रिंग आल्याशिवाय चहा खाली उतरवायची नाही. मला उशीर झाला की चहा कडू व्हायचा आणि ती तो तसाच प्यायची.

आई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, भाऊ पुण्याला गेला, मी अहमदपूरला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं पळून आले आणि दाराशी मोबाइल हातात घेऊन उभी राहिले. कुणाला लावणार? कुलूप काढायला मला फार वेळ लागला. दुःखाचे मोठे प्रसंग मी नीट पार पाडले होते. लोक म्हणालेही, बाई खंबीर आहे. या एवढ्याशा गोष्टीनं मात्र मला गाठलं. माझं काही बरंवाईट झालं तर ते कुणाला आणि कधी कळेल, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर पळायला लागला.

मी तो सोडवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. आधी भावाला रिंग दिली. त्याचा लगेच उलटा फोन आला.

"काय झालं ताई?"

"काही नाही. पोचले."

"कुठं गेली होतीस?"

"कुठं नाही, पळायला."

"मग पोचले म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. भाऊ मनानं चांगला आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यापेक्षा मी तुला एक घड्याळ पाठवतो." घड्याळ आलं. ते माझी नाडी मोजतं, झोप मोजतं, आणि पळणं संपलं की मनगटावर थरथरून माझं अभिनंदन करतं. अभिनंदन मला नको होतं. मी ते अजून वापरते, वेळ बघायला बरं आहे.

मग शाळेतल्या एका मॅडमना सांगून बघितलं. त्यांनी हौसेनं कबूल केलं. पण वाजणारा फोन त्यांना सोडवत नाही. त्या उचलायच्या आणि मग डब्याला काय केलं, मुख्याध्यापक काल कुणाला काय बोलले, हे सगळं सुरू. मी घामानं निथळत दारात उभी. काही दिवसांनी त्या माहेरी गेल्या. आल्यावर म्हणाल्या, "अगं, तुझे मिस कॉल दिसले. काही काम होतं का?" मी नव्हतं म्हटलं. त्यांचा यात दोष नाही. रिंग कुणालाही देता येते. वाट बघणारं माणूस सांगून तयार होत नाही, एवढं मला त्यातून कळलं, आणि मी तो नाद सोडून दिला.

दसऱ्याला जोडून शाळेला सुट्टी होती. पाऊस चांगला झाला होता, माळ हिरवा होता, आणि बारवेत पाणी वर आलेलं दिसलं म्हणून मी पळता पळता बघायला उतरले. पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाय कधी सरकला ते कळलंच नाही. ढोपर फुटलं, घोटा मुरगळला, आणि मी पाण्याच्या दोन पायऱ्या अलीकडे येऊन थांबले. मोबाइलला रेंज नव्हती. मी तिथंच बसून विचार केला. शाळेला वाटेल मी नांदेडला गेले. नांदेडच्या शेजाऱ्यांना वाटेल पुण्याला गेले. भावाला वाटेल अहमदपूरलाच आहे. घरमालकाला काही वाटायचं कारणच नाही. सुट्टी संपेल, माझा पहिला तास रिकामा जाईल, वर्गात गोंधळ वाढेल, तेव्हा कुठं कुणीतरी शिपायाला म्हणेल, बाईंना फोन लाव. मला भीती वाटायला हवी होती. आला तो राग, आणि तो कुणावर काढावा ते सापडेना. मग मी हातांवर जोर देऊन एकेक पायरी वर चढले.

एक काठी मिळाली, तिच्यावर रेलत फाट्यापर्यंत आले. फाट्यावर रोजची बाई एसटीची वाट बघत बसली होती. साठीच्या आसपासची, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. अहमदपूरला क्लासच्या पोरांची एक मेस आहे, तिथं ती भाकरी करायला जायची. आमची ओळख एवढीच की मी जाताना ती "पळा, पळा" म्हणायची आणि मी मान हलवायचे. त्या दिवशी तिनं मला लंगडत येताना लांबूनच बघितलं.

"काय झालं?"

"पडले. बारवेत."

"बारवंत कशाला उतरलाव नाहक? आमी बी न्हाई उतरत तिथं."

तिनं मला दगडावर बसवलं. पिशवीतून डब्याचं फडकं काढलं आणि घोटा बांधायला घेतला. तेवढ्यात एसटी आली. तिनं न उठताच कंडक्टरला हातानं जा म्हणून खुणावलं, आणि एसटी गेली.

"घरी कोण हाय?"

"कुणी नाही."

"मंग कुणाला सांगून येताव इकडं?"

"कुणालाच नाही."

मग तिनं गाव विचारलं, मी नांदेड सांगितलं. मग आडनाव विचारलं. आमच्याकडे आडनाव हे आडनावासाठी विचारत नाहीत. मला त्याचा संताप येतो, म्हणून मी ते जरा मोठ्यानंच सांगते. तसं सांगितलं. तिला कळायचं ते कळलं, हे तिच्या तोंडावर दिसलं. आता पायावरचा हात निघणार असं धरून मी पाय ओढून घ्यायला लागले. तिनं तो धरून ठेवला आणि फडकं आणखी आवळलं. "दुकतंय का?" म्हणाली. मी हो म्हटलं.

जीप मिळेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. निघताना तिनं कमरेच्या पिशवीतून बटणाचा मोबाइल काढला. त्याला रबर लावलेलं होतं, आणि मागच्या बाजूला कुणीतरी तिचा नंबर कागदावर लिहून चिकटवला होता, कारण तिला तो पाठ नव्हता. "माळावरून घरी गेल्या की मला सांगत जावा," ती म्हणाली. "रोज दिसताव फाट्यावर वर जाताना. आल्या का न्हाई, ते बी कळाया पायजे."

पाय बरा झाल्यावर मी पुन्हा पळायला लागले, आणि तिला रिंग द्यायला लागले. पण ते सोपं गेलं नाही. तिचा आवाज असा की खरं तर तिला मोबाइलची गरज नव्हती. मेसमधून ती ओरडायची, "हालो! पोचल्या का?"

"पोचले मावशी. पण उचलायचा नाही. नुसता वाजू द्यायचा."

"उचलायचा न्हाई तर लावताव कशाला?"

"वाजला म्हणजे मी पोचले."

"आन दुसऱ्या कुणाचा आसला तर?"

"माझं नाव दिसेल ना."

"मला कुटं वाचता येतंय?"

शेवटी तीच मोबाइलच्या दुकानात गेली आणि माझ्या नंबराला वेगळी ट्यून लावून आली. तान्ह्या बाळाच्या हसण्याची ट्यून होती. दुकानदारानं तीच दिली म्हणे. तेव्हापासून रोज सकाळी मेसच्या परातीशेजारी एक बाळ हसायचं आणि गप्प व्हायचं, आणि मावशी पुढची भाकरी थापायची. हे मी बघितलेलं नाही, तिनं सांगितलं म्हणून मला माहीत आहे. पण कुलूप काढताना मला ते रोज दिसायचं.

पुढे एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर एक रिंग येऊन बंद झाली. तिचा नंबर होता. काही झालं असेल म्हणून मी घाईनं उलटा फोन लावला.

"उचलायचा न्हाई म्हनलाव न्हवं?" ती म्हणाली. "मी बी पोचले. ठिवा."

मग ते रोजचं झालं. तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मुलगा पुण्याकडे कंपनीत, शेत बटईनं दिलेलं. शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं, वाट तुडवत वस्तीच्या कडेच्या घरात जायचं, तिथं तिची एक शेळी. एवढं मला फाट्यावरच्या दोन-दोन वाक्यांतून कळलं होतं. संध्याकाळी वह्या तपासताना मी मोबाइल जवळ ठेवायला लागले. वाट बघणं हे काम मला आधी येत नव्हतं. आई ते करायची तेव्हा मला ते काम वाटलंही नव्हतं.

यानं माझा एकटेपणा गेला असं कुणी समजू नये. रिंग देऊन झाली की तीच खोली, तीच एक खुर्ची, एका माणसापुरता कुकर. रविवारी कंधारच्या बांधावर पळताना दूरवर पाणी आणि त्यात एकही माणूस नाही, तेव्हा छातीत जे व्हायचं ते होतच होतं. आम्ही काही मैत्रिणी झालो नव्हतो. तिनं मला कधी घरी बोलावलं नाही, आणि का बोलावलं नसेल याचा अंदाज मला होता, म्हणून मीही विषय काढला नाही. आमच्यात होत्या त्या दिवसाच्या दोन रिंगा, आणि त्यांत बोलणं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी रिंग आली नाही.

शेवटची एसटी दिवस मावळायच्या तासभर आधी फाट्यावर पोचते. एसटी उशिरा असेल म्हणून मी थांबले. मग चालायला वेळ लागला असेल म्हणून थांबले. चहा टाकला, तो प्यायचा राहून गेला. शेवटी नियम मोडून फोन लावला, तर तो बंद. पुन्हा लावला, बंदच. वस्तीवरच्या दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मेस कोणत्या गल्लीत आहे हे मला नीट माहीत नव्हतं. एवढे दिवस जिची वाट बघत होते त्या बाईबद्दल मला जवळपास काहीच ठाऊक नाही, हे मला तेव्हा कळलं. मी बूट घातले आणि निघाले.

रोजचा रस्ता, पण त्या संध्याकाळी मला पळता येईना. पहिल्याच चढाला दम गेला. बूट जड झाले. मागून एक मोटारसायकल येऊन थांबली. "मॅडम, सोडू का?" मी बसले. त्या माणसाला याचं इतकं आश्चर्य वाटलं की गाडी त्याच्या हातून बंदच पडली. फाट्यावर त्यानं मला उतरवलं तेव्हा थांब्यावर कुणी नव्हतं. तिथून मी बैलगाडीच्या वाटेनं पळत सुटले. उजेड अजून थोडा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मी बघत होते, कुठं काही पडलेलं दिसतं का.

वस्तीच्या पहिल्या गोठ्यापाशी एक माणूस गुरं बांधत होता. त्यानं मला येताना बघितलं आणि सरळ विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. कडेच्या घरातल्या मावशींचा फोन लागत नाही."

"मंग?" तो म्हणाला. फोन लागत नाही म्हणून कुणी पळत येतं हे त्याला कळेना. पण बाई पळतेय म्हणजे काहीतरी झालं असणारच, म्हणून त्यानं दावं टाकलं आणि बॅटरी घेऊन माझ्यामागे निघाला. त्याची बायको निघाली. शेजारच्या घरातून आणखी कुणीकुणी निघालं. मी पुढे, ते मागे, असे आम्ही वस्तीच्या कडेच्या घरापर्यंत आलो. बाहेर शेळी बांधलेली होती. दार उघडं होतं, आणि आत मावशी चुलीपुढं बसून भाकरी करत होती.

शेजारी ताटात तांदूळ पसरलेले होते आणि तांदळात तिचा मोबाइल, त्याची बॅटरी, मागचं झाकण, सगळं सुटं करून ठेवलेलं होतं. तिनं आधी मला बघितलं, मग माझ्यामागची माणसं बघितली.

"वरणात पडला," ती म्हणाली. "सकाळी तुमची रिंग आली तवाच. हात वला व्हता, सुटला."

मागून कुणीतरी हसलं. "आमी म्हनलं, काय झालं की," गोठ्यावरचा माणूस म्हणाला. मावशीला भारी लाज वाटली. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उठून दारात आली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, "जिती हाय मी. जावा आपापल्या घरी." लोक हसत हसत गेले. मीही निघाले. उगाच आल्यासारखं मला झालं होतं.

"तुमी कुटं चाललाव?" ती म्हणाली. "आत या."

मी बूट काढले आणि आत गेले. तिनं तांब्या दिला, पाट दिला, ताट वाढलं. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. मी खायला लागले. ती पुढची भाकरी थापत होती. परातीकडे बघतच ती बोलली.

"कुणी यील आसं न्हवतं वाटलं मला."

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"मी काय धरून व्हते सांगू का? मी गेले तर शेळी वरडंल. दोन येळा चारा न्हाई भेटला की सारी वस्ती उठवती ती. तवा कुणीतरी यील, दार ढकलंल. त्याच्यासाटी तर ठिवली तिला. दूद काय, चहापुरतं बी न्हाई देत."

भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं, तसं तिनं हे सांगितलं. किती दिवस तिनं हे धरून ठेवलं असेल ते मला कळत होतं, कारण बारवेच्या पायरीवर बसून मीही तेच करत होते. माझ्या वाट्याला फक्त शाळेचा पहिला तास होता.

"तुमच्या खोलीत वरडाया कोण हाय?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

हे मी याआधी पुष्कळांना सांगितलं होतं, पण दरवेळी हसून, किंवा समोरच्यानं पुढचं विचारू नये अशा आवाजात. त्या दिवशी नुसतंच सांगितलं.

तिनं भाकरी उलटली. "मंग मी वरडन," ती म्हणाली. "शेळीपरीस मोठा हाय माझा आवाज."

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. "तिकट झालं का?" म्हणाली. ठेचा खरंच झणझणीत होता, हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मी नाही म्हटलं आणि तिच्यासमोर पाटावर बसून रडले. तिनं मला उगी म्हटलं नाही. तव्यावरची भाकरी उतरवून ताटात वाढली, आणि माझं होईपर्यंत तिथंच बसून राहिली.